येता जाता

संपाचा तिसरा दिवस.
ॲप बंद करून आम्ही चाळीसजण
डागोरेटीच्या पंपामागे उभे,
आणि ज्यांनी बंद केलं नाही त्यांना
गिऱ्हाईक होऊन बोलवायचं, असं ठरलं.
ओमोलोने खिशातून पिन काढून दाखवली.
मार नाही, शिवी नाही,
दोन चाकांची फक्त हवा.

किलिमानीला मला पाठवलं,
कारण माझा चेहरा गरीब.

फोनवर ठिपका सरकू लागला:
केरुबो, राखाडी डेमिओ, चार मिनिटं.
अकरा लागली तिला.
दुभाजकापलीकडूनच हात केला,
मग पार पुढच्या चौकातून वळून आली.
आमच्यातला कुणीही
मागच्या गल्लीतून शिरला असता.

मागच्या सीटवर वह्यांचा गठ्ठा.
"सरकवा हं जरा, सातवीच्या आहेत."
जागा नव्हती सरकवायला.
अख्खी सातवी मांडीवर घेऊन बसलो.

"एसी लावू का?" तिने विचारलं.
पाच वर्षांत मी कुणाला एसी विचारलेला नाही.

किती दिवस चालवताय?
"मी कुठे चालवते," ती हसली,
"शाळा सुटली की लावते ॲप.
घरी जायचंच असतं ना,
येता जाता पेट्रोल सुटतं."

येता जाता.

माझं येणं पहाटे साडेचारला,
जाणं रात्री अकरानंतर,
आणि मधे गाडीमालक न्जुगुना,
ज्याला सोमवारी नऊ हजार शिलिंग मोजायचे,
गाडी पळो, न पळो, पंक्चर होऊन पडो.
साडेतीनशेचा रस्ता अडीचशेला
कुणी आणून ठेवला?
ज्यांना तसंही त्याच बाजूला जायचं होतं, त्यांनी.
बाई, तुमचं पेट्रोल सुटतं
तेव्हा माझ्या हातून काय सुटतं, ठाऊक आहे?
वाक्य जुळवून तयार होतं.
पुढच्या सिग्नलला टाकणार होतो.

सिग्नलला तिने मागे हात केला.
"वरची द्या बरं. आणि तो लाल पेन."
स्टिअरिंगवर वही टेकवून ती वाचू लागली,
मग माझ्यापुढे धरली:
"काय लिहिलंय हे? अक्षर बघा."
मी वाचलं.
'नदी समुद्राला मिळते कारण
तिला मागे वळायला जागा नसते.'
"मार्क देऊ?"
अर्धा द्या, मी म्हटलं.
तिने खरंच अर्धा दिला.
मागचे हॉर्न वाजवत होते.

तेव्हाच दिसला
काट्याशेजारचा नारिंगी दिवा.
तो पेटल्यावर डेमिओ किती धावते
हे आम्हाला तोंडपाठ:
तीस किलोमीटर, चढ नसेल तर.
ती त्याच्याकडे बघतच नव्हती.
न बघण्याची सवय असते एकेकाला. मलाही आहे.

पंप दोनशे पावलांवर असताना म्हटलं, इथेच थांबवा.
"ठिकाण तर पुढे दाखवतंय."
इथेच. आज बंद आहे आमचा.
"कसला बंद?"

माहीतच नव्हतं तिला.
तीन दिवस चाळीस घरांत
चूल मोजून पेटत होती
आणि तिला कसला बंद तेही माहीत नव्हतं.
सगळ्यात जास्त राग मला त्याचा आला.

इथूनच वळा, मी म्हटलं,
आणि आठवडाभर लावू नका.
"मग घरी जाऊ कशी?"
जा की. रिकाम्या जा.

दोनशे साठ झाले होते.
तीनशे दिले. सुटे नव्हते तिच्याकडे,
कधीच नसतात या लोकांकडे.

"कुठाय?" ओमोलोने विचारलं,
पिन अजून हातातच.
रद्द केलं तिने, म्हटलं.
तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

फोन विचारत होता, प्रवास कसा झाला.
चार तारे दाबले.
पाचव्यावर बोट नेलं, उचललं.

पँटवर लाल शाईचा डाग पडला होता, मांडीवर.
संध्याकाळभर जो तो विचारत होता,
कुठे लागलं रे.