मिठावरचा कर

तोमाकोमाई बंदर. रात्रपाळी सुटल्यावर
युकिनारीने शेवटचा भाग उभ्यानेच वाचला,
चोवीस तास उघड्या दुकानात,
हातमोजे दातांत धरून.

तेवीस वर्षं.
पहिल्या खंडात मीठकामगारांनी
राजवाड्याचं फाटक उखडलं,
तेव्हा हा नववीत, आणि बाप
कागद गिरणीच्या दारात संपावर.

आणि आता कळतं, बंडखोर पोरगा
मुळात राजाच्याच रक्ताचा.
सिंहासन तेच, उशी तेवढी बदलली.
मिठावरच्या कराचं
कुणी नावही काढत नाही.
पुढे दोन पानं भरून नुसतं आभाळ,
सुरेख काढलेलं.

तरी विकत घेतला अंक.
घरी म्हणाला, संपली एकदाची.
बाप चष्मा चाचपत उठला :
"मग? मागण्या मान्य झाल्या का?"