बुडीत खातं

स्कायलॅब पडणार होती त्या आठवड्यात
तारामुंबरीत एक कोंबडा उरला नाही.
गटारीला पंधरवडा होता,
पण पंधरवडा कुणाच्या हातात?
होड्या वर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या,
मासा नाही, मजुरी नाही,
तरी घराघरांत सागुती शिजत होती
आणि वडे फुगत होते
जयवंत कुबलांच्या दुकानातल्या उधार तेलात.

रेडिओ म्हणे, सत्त्याहत्तर टन लोखंड,
कुठे पडेल सांगता येत नाही.
म्हणजे आपल्यावरच, असं गोपिका तारीने ठरवलं.
सरकारचं काही इथवर कधी आलं नव्हतं,
एवढं एक तरी चुकून येईल.

कुबल चष्म्यावरून बघत वहीत लिहीत राहिले.
कुणीतरी हसलं, "सगळा बुडतला हा, कोणासाठी लिवतास?"
ते म्हणाले, "बुडाला तर तुमी सुटलास.
नाय बुडाला तर लिवलेला असाक व्हया."

मी नऊ वर्षांचा, रात्रभर जागा.
कौलांवरचा प्रत्येक थेंब अमेरिकन वाटत होता.
बाप मात्र घोरत होता, पोटभर.
सकाळी जग होतं तसंच, ओलं.
ते लांब पडलं, थोडं समुद्रात, थोडं ऑस्ट्रेलियात,
आमच्या वाट्याला हाडं आणि घेणेकरी.

पुढे मी लिहायला लागलो.
आतापर्यंत सात वेळा जग संपवलंय:
एकदा धूमकेतूने, एकदा तापाने,
एकदा कातळाखालून वर आलेल्या
नाव नसलेल्या जिवांनी.
मुंबरी दर वेळी पहिल्या प्रकरणातच जाते.
लाट दीपगृहाच्या वर चाळीस हात उठते
(प्रकाशक म्हणाला, साठ करा),
पूल मोडतो,
रवळनाथाच्या तरंगांची लुगडी पाण्यावर पसरतात.
वाचकांची पत्रं येतात: खरंच होईल का हो? कधी?
त्या "कधी"पाशी पेन जरा दाबलेलं असतं.

मग नफिसा परकार आली.
जेट्टीच्या खांबाला एक नळी बांधली,
दर सहा मिनिटांनी पाणी मोजणारी.
मी चहा दिला. दोन घोट घेऊन म्हणाली,
"मीठ घातलंत?"
घातलं नव्हतं. विहीरच तशी, मागच्या मे महिन्यापासून.
तिने विहिरीचंही पाणी बाटलीत भरून घेतलं,
बाटलीवर माझ्या घराचा नंबर.

"वर्षाला तीन-चार मिलिमीटर."
आडव्या तांदळाहून थोडं जास्त.
मी विचारलं, तारीख?
ती हसली. "तारखा तुमच्या धंद्यात.
आमच्याकडे एक चढती रेघ असते
आणि तिच्या दोन्ही बाजूंना,
आम्हाला नक्की ठाऊक नाही तेवढी जागा."

तेव्हापासून आठवं पुस्तक अडलंय.
लाट उठतच नाही. उतरतं ते असलं काहीतरी:
गोपिकाच्या सुनेने हंडा वरच्या वाडीला नेला.
खारबांधाच्या आतलं भात पोटरीतच पिवळं.
भरतीला जेट्टीच्या सात पायऱ्या कोरड्या,
लहानपणी आठ मोजल्याचं आठवतं,
किंवा आठवावंसं वाटतं.
प्रकाशक म्हणतो, ह्यात घडत काहीच नाही.

परवा कुबलांच्या नातवाने दुकान वर, हमरस्त्याला हलवलं.
वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या वह्या माझ्या ओटीवर टाकून गेला,
"तुका लिवूक होतीत."

अकरा जुलै एकोणऐंशी. पान अजून तेलकट.
गोडंतेल, मिरची, खोबऱ्याच्या दोन वाट्या.
सगळ्या नावांवर पुढे कधीतरी काट मारलेली.
एका नावावर नाही.
त्याच वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि आठव्या दिवशी
माझा बाप होडीसकट गेला,
आकाश स्वच्छ होतं, भाकीत कुणाचंच नव्हतं.

कुबलांनी तिथे "बुडीत" लिहिलेलं नाही.
शेजारी, त्याच शाईत, त्याच वळणाने:
येणे बाकी.

वारा सुटला होता.
पान उलटू नये म्हणून त्यावर मी बशी ठेवली,
आणि उरलेला चहा, खारट तर खारट, पिऊन टाकला.