वखारीतला नकाशा

निपाणीच्या वखारीत, काट्यावरचा बाळगोंडा
दुपारी पेपर वाचायचा मोठ्यानं.
आम्ही जर्दा चाळायचो, नाकाला पदर बांधून.
पेकिंग पडलं त्या आठवड्यात
त्यानं गूळ वाटला. त्यालाही जर्द्याचाच वास.

पुढं गुळगुळीत कागदाची मासिकं यायला लागली.
शेतात, गिरणीत, धरणावर
बायका सगळ्या हसऱ्या.
माझी जाऊ चंपव्वा म्हणाली,
"ह्यांस्नी खोकला येत न्हाई व्हय, बाळगोंडा?"
तो चष्मा पुसत राहिला.

बासष्टची दिवाळी सरली आणि फौजदार आला.
भिंतीवरचा चीनचा नकाशा उतरवला,
मासिकं सुतळीनं बांधली.
"तुझी हद्द कुठली रे?"
"कोगनोळीच्या अलीकडं का पलीकडं,
त्ये अजून तुमचं सरकारच ठरवतंय, साहेब."
आम्ही फिस्सकन हसलो.
जीप निघून गेली तरी हसतच होतो, भ्यालेल्या.

हिंडलग्याच्या जेलातून तो सुटला
तोवर पक्षाचीही वाटणी झालेली.
दोन्हीकडची माणसं स्टँडवर उभी, हार घेऊन.
तो त्यांच्यामधून चालत
थेट चंपव्वाच्या घरी आला.
मी म्हटलं, शिमग्यातच गेली ती.

उंबऱ्यावर टेकला.
काहीतरी सांगणार होता,
तर खोकल्याची उबळच आली.