दार अडवणं

नाताळ उलटून एक दिवस. मायस्टेगच्या चढावर
घरं एकमेकींचा पदर धरून उभी
आणि चार वाजताच काळोख.

मी करंज्या तळत होते.
खोबऱ्याचा कीस पाकिटातला,
साखर जरा जास्त, वेलदोडा जरा जुना.
एका करंजीची कड सुटली, तेल काळं झालं,
छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला
तेवढ्यात दारावर थाप.

थाप नव्हे. दात.

काचेतून पाहिलं तर
घोड्याची कवटी, खरीखुरी,
खोबणीत हिरव्या बाटल्यांची बुडं,
मानेखाली पांढरी चादर,
कानांना लाल-निळ्या फिती.
चादरीआड कुणीतरी दोरी ओढतं
आणि जबडा वाजतो : खट्. खट्.

शेजारची एलुनेद तिच्या पायरीवरून ओरडली,
"घाबरू नकोस गं, ही मारी लुइड!
ती गाण्यात म्हणेल, आत येऊ दे.
तू गाण्यातच म्हणायचं, नाही.
हरलीस की दार उघडायचं, खायला घालायचं."
आणि जिंकले तर?
"जिंकत कुणी नाही," ती म्हणाली.

सतरा वर्षं या गल्लीत,
ही आमच्या दारी कधी आली नव्हती.
की आली होती, आणि शमुवेलनं
"चॅपलवाले असतील, वर्गणी मागत" म्हणून
टीव्हीचा आवाज वाढवला होता?

शमुवेल एक्स-रे काढायचा, ब्रिजेंडच्या दवाखान्यात.
दिवसभर लोकांची हाडं बघून यायचा,
जेवताना सांगायचा, "आत सगळे सारखेच पांढरे."
मार्चमध्ये स्वतःचीच छाती पडद्यावर पाहिली
आणि घरी येऊन नुसतीच भाकरी कुस्करत बसला.

तो गेल्यापासून त्याचं नाव
मी फक्त अर्जांवर लिहिलं होतं.

बाहेर गाणं सुरू झालं, वेल्शमध्ये.
शब्द एक कळेना, पण चाल कळली.
सोनईला नाताळच्या रात्री अशीच आमची फेरी,
पुढं हलगी, मागं कंदील,
घरोघरी शेकोटीला हात, गुळाचा चहा,
कुत्री आमच्यामागं, पाद्रीसाहेब कुत्र्यांमागं.
आणि लग्नात नणंदांनी माझं दार अडवलं होतं :
नाव घे, मगच आत.
मी एवढं हळू घेतलं
की तीनदा घ्यायला लावलं.

आज आत मीच. अडवणारीही मीच.
चादरीखाली गेथिन होता, टपालवाला,
बुटांवरून ओळखला.
कडवं संपवून तो थांबला.
जबडा उघडाच. आता माझी पाळी.

वेल्श येत नाही. इंग्रजीत यमक जुळेना.
हातात झारा, त्यातून तेल ठिबकतंय,
तशीच दाराच्या फटीशी वाकून म्हणाले :

पांढऱ्या घोडीला धुक्याची शाल,
शमुवेलरावांना विचारते, याल?

कुणाला काही कळलं नाही.
टाळ्या मात्र पडल्या.
घोडीनं मान हलवली, वर, खाली.
गेथिनचा हात अवघडला असेल.

हरले की जिंकले, ठाऊक नाही. साखळी काढली.
चौकट बुटकी, मारीला वाकून यावं लागलं,
फिती बिजागरीत अडकल्या, एलुनेदनं सोडवल्या,
मागोमाग सात माणसं, ओले बूट, बिअरचा वास,
आणि भोंगा अजून बोंबलतच होता.

कड सुटलेली ती करंजी मी जबड्यात ठेवली.
खट्.
सारण गालिचाभर. गेथिन आतून म्हणाला,
मलाही एक द्या, खरीखुरी.

सकाळी झाडताना खोबऱ्यात
एक लाल फीत सापडली.
एलुनेदकडे नेऊन देता आली असती.
दाराच्या खिळ्याला बांधून ठेवली आहे.
मागायला येईल ती.