रंगीत प्रत, दहा रुपये

कोर्टाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
बावड्याकडं जाणारी बस गेली
की काउंटरची काच थरथरते.

आषाढात ती आली, पद्मजा हेरवाडे,
गुळाच्या अडतीत वजनं लिहिणारी.
मोबाईल पुढं केला, पण स्क्रीनवर तळवा तसाच.
म्हटलं, ताई, हात काढल्याशिवाय कसं निघणार?

चौदा स्क्रीनशॉट.
"साधं करू की रंगीत?"
"रंगीत. वकीलबाई म्हणाल्या,
ती हसणारी पिवळी तोंडंपण पुराव्यात येतात."

मशीनला वाचता येत नाही.
मला येतं.
कागद गरम निघत होते,
मी एकेक पालथा ठेवत गेलो.
तिनं ते रवे मोजावेत तसे मोजले, बोटानं दाबून.
एका गाडीत सहा रवे कमी भरले, हे तिनं धरलं
आणि त्याच रात्री गल्लीच्या ग्रुपवर
तिच्या चारित्र्याचं वजन झालं.

गणपतीत एक म्हातारी.
जामीनदाराचा सातबारा, घरफाळ्याची पावती,
मेव्हण्याचं आधार, दोन्ही बाजू.
"पोरानं काय केलं, मावशी?"
"काय न्हाई वो. नुस्तं लिवलंय."

दिवाळीच्या तोंडावर तो स्वतः, रणधीर नेजदार.
दोषारोपपत्राच्या तीन प्रती.
पान अकरावर त्याचंच वाक्य,
खाली दोन पंचांच्या सह्या, गोल शिक्का,
ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही जशाच्या तशा.
"हे मी सकाळी डिलीट केल्तं की."
मी काय बोलणार?
मशीन तिसरी प्रत काढत होतं.

"दोन मिनिटं लागली असतील लिवायला," तो म्हणाला.
पुढची तारीख जानेवारीची. वकिलाची फी वेगळी.
मोबाईल मुद्देमालात, लाखेच्या सीलखाली,
आईला फोन करायला त्यानं माझाच मागितला.
बोलताना सारखा एकच शब्द, "व्हय. व्हय."

बिघडलेले कागद मी टाकत नाही.
पाठकोरे गठ्ठे कोपऱ्यावरचा भडंगवाला नेतो पुड्यांना.
तिच्यातलं एक पान तिरकं निघालं होतं,
अर्धं आडनाव, अर्धी शिवी.
ते त्याला दिलं नाही.
फाडून बादलीत भिजत घातलं.

सकाळी कागदाचा लगदा झालेला,
शाई मात्र सुटलेली नाही.
काही अक्षरं वर तरंगत होती,
त्यातला एक "ती" स्पष्ट.
हे पाणी कुठं ओतावं कळेना,
म्हणून बादली सरकवली मशीनच्या मागं,
आणि शटर वर केलं.