एक जून

अजमानच्या नुऐमियात, मादाम पर्पेटुआच्या सलूनवर,
एकाच हॉलमध्ये दोन चर्चं भरतात.
एक आठला, एक साडेदहाला.
खुर्च्या त्याच. मधल्या वेळात फक्त
ड्रमवरचं कापड बदलतं.
चर्च म्हणायचं नाही असं ठरलंय. फॅमिली म्हणायचं.
सलूनला लागून माझं टायपिंग सेंटर.
छतातून प्रार्थना झिरपते एसीच्या पाण्यासारखी,
आणि मी खाली व्हिसाचे अर्ज टाइप करतो.

पहिल्या वर्षी मी यांना हबशी म्हणायचो.
गावाकडून आणलेला शब्द,
लोणच्याच्या बरणीसारखा नीट गुंडाळून.
एकदा गॉडलव्हने अर्थ विचारला.
मी म्हटलं, दर्यावर्दी.
तो खूश. महिनाभर सगळ्यांना सांगत होता,
मी समुद्र पाहिला तो विमानाच्या खिडकीतून,
तरी हा टायपिस्ट मला दर्यावर्दी म्हणतो.

मार्चमध्ये परांचीवरून पडला.
तेवीस दिवस शवागारात,
कारण फंडाच्या पेटीला किल्ल्या दोन:
एक पास्टर फ्रूंकडे, त्यांना कीबोर्ड घ्यायचा होता,
दुसरी साडेदहावाल्यांच्या खजिनदाराकडे,
जो आठवाल्यांशी बोलत नव्हता.
मादाम पर्पेटुआने सलूनचे दोन ड्रायर विकले
आणि गॉडलव्ह घरी गेला.
मग ती म्हणाली, आता निवडणूक.

निवडणूक म्हटली की परवानगी आली.
म्हणून वाढदिवस ठरला. फुगे, केक,
केकवर नावाची जागा कोरी.
पास्टरना राजमा, मादामला काबुली चणा.
उरलेल्या एकुलत्या ड्रायरच्या टोपाखाली डोकं घालायचं
आणि निडोच्या डब्यात दाणा टाकायचा, कोणी बघणार नाही.
आदल्या रात्री दोन्हीकडून जेवणावळी.
आमच्या उत्तूरच्या ग्रामपंचायतीला मटण चालतं,
इथे भाजलेली मासळी, जोलोफ भात.
ताबे नावाच्या पोराने दोन्हीकडे खाल्लं
आणि दोन्हीकडे शपथ घेतली.

मतदान अर्ध्यावर आलं
तेव्हा वॉचमन शेर जमान दारात.
किसका बर्थडे?
शंभर माणसं गप्प.
यांच्यातल्या निम्म्यांचा जन्म एक जानेवारीचा,
मला माहीत आहे, मीच टाइप केलाय.
मी खिशातून माझं कार्ड काढून दिलं.
एक जून.
शाळेत घालताना गुरुजींनी लावून दिलेली तारीख.
आईला एवढंच आठवायचं की
त्या आठवड्यात म्हैस व्यायली होती.
शेर जमानने कार्ड उलटसुलट पाहिलं,
केकचा तुकडा घेतला, जिन्यातच बसून खाल्ला.
मग गाणं आलंच.
आठवाले एका पट्टीत, साडेदहावाले दुसऱ्या,
आणि मध्ये मी, तोंडाला क्रीम,
एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा
कोणीतरी माझा वाढदिवस केला.

चणे त्रेपन्न. राजमा एकोणपन्नास.
आणि एक शेंगदाणा.
त्या शेंगदाण्यावर पाऊण तास वाद झाला.
पास्टर म्हणाले, रद्द. खजिनदार म्हणाला, चौकशी.
शेवटी ताबेने तो खाऊन टाकला.

सकाळी मादाम यादी घेऊन आल्या, टाइप करायला.
कानामागे कंगवा, किल्ल्या दोन्ही कमरेला.
नाव, खोली, फोन, दरमहा दहा दिरहम.
एकशे तिसरं नाव माझं.
मी म्हटलं, मी तुमच्यातला नाही.
त्या म्हणाल्या, केक कोणी खाल्ला?
शेवटचा रकाना: पेटी कुठे पाठवायची.
मुक्काम पोस्ट उत्तूर, मी टाइप केलं,
तालुका आजरा, जिल्हा कोल्हापूर.
खाली: कोणाच्या नावे.
आई गेली त्याला चार वर्षं झाली.
वर कोणीतरी ड्रमवरचं कापड काढत होतं.
कर्सर लुकलुकत राहिला.
लिही काहीतरी, मादाम म्हणाल्या,
नंतर बदलता येतं.