शेवटची दोन बोटं

आर्व्होच्या कॅमेऱ्याला सर्दी झाली तेव्हा
पहिला संशय माझ्या साउनावर आला,
शनिवारच्या वाफेच्या खोलीवर.

तेवीस रात्री ढग. चोविसाव्या रात्री हीउमा बेटावर
आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख निघालं,
आणि देवयानी दीर्घिकेच्या ऐन पोटात
बर्फाचं फूल उमटलं, सहा पाकळ्यांचं.
मी म्हटलं, सुंदर आहे.
तो जेवला नाही.

कॅमेऱ्याच्या आत म्हणे एक चकती असते, बिस्किटाएवढी.
तिला उणे पंधरापर्यंत गारठवतात,
नाहीतर ती अंधारातही काहीबाही पाहते,
भ्रम झालेल्या म्हातारीसारखी.
पण गारठलेल्या कशालाही
हवेतलं पाणी शोधत येतंच.
खिडकीला, चष्म्याला, नाकाच्या शेंड्याला.
आणि आमच्याकडे हवा म्हणजे समुद्रच, पातळ केलेला.

माझे मासे मागच्या हिवाळ्यात मेले.
त्यांचा पंप त्याने मागितला नाही, नेला.
काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी,
तिच्यात नारिंगी मणी, दोन नळ्या, झाकणाला मेण.
पंप हवा ओढतो, मण्यांतून गाळतो,
कोरडी करून कॅमेऱ्यात सोडतो, हळू,
तापातल्या पोराला चमच्याने पाजावं तशी.
गुरगुर तीच. रात्री जाग आली की वाटतं, मासे आहेत.

मणी पाणी पिऊन हिरवे होतात.
मग माझ्या ओव्हनमध्ये, एकशेदहा अंशांवर, तीन तास,
आणि पावाचं पीठ तोवर भांड्यात फुगून उतू जातं.
विचारलं, एवढं किती पाणी निघतं यातून?
त्याने अंगुस्तान दाखवलं. तेही अर्धं.

शनिवारी साउनातून बाहेर आले,
बर्फावर अनवाणी, अंगातून वाफा निघताहेत,
शेडकडे वळले तर आतून ओरडला,
"मिल्वी, तिथेच थांब! झाकण उघडं आहे!"
बेचाळीस वर्षांत मला असं कुणी घाबरलं नव्हतं.
थांबले. टॉवेल घट्ट केला. वर पाहिलं.

तो उजेड निघाला तेव्हा
हे बेट नव्हतं, साउना नव्हता, आर्व्हो तर नव्हताच.
पंचवीस लाख वर्षांत त्याला एक थेंब शिवला नाही,
कोरडा ठणठणीत आला इथवर,
आणि शेवटच्या दोन बोटांत
आमच्या उच्छ्वासात बुडायचा.

मी श्वास धरला.
कशासाठी, सांगता येणार नाही. दार दहा पावलं लांब होतं.
स्क्रू मोजत राहिले. एक, दोन, तीन.
चौथा त्याच्या हातून पडला, घरंगळला,
तो शिवी हासडून गुडघ्यांवर बसला
आणि मला हसू फुटलं. तोंडातून हा एवढा ढग सुटला,
दिव्याखालून सरकत शेजारच्या अंगणात गेला.

फोटो अजून नाही. पुन्हा आभाळ भरलंय.
ओव्हनच्या काचेमागे मणी हिरव्याचे नारिंगी होतायत,
त्यांच्यातलं पाणी माझ्या खिडकीवर येऊन बसतंय.
मी फडक्यानं पुसते, फडकं चुलीशी वाळत घालते.
आज पाव उशिरा.